कागदावर बांध नव्हता

दिवाळीत आजोळी गेले होते. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. जेवणं झाल्यावर सोप्यात सुपारी कातरत बसलेल्या थोरल्या मामांनी फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा खाली घेतला, सातबारे, उसाच्या पट्ट्या, बँकेची पासबुकं बाजूला सारली आणि घड्या घातलेले दोन कागद माझ्यापुढे टाकले. “हे वाच गं जरा. तू त्यातली हाईस.” मृद आरोग्य पत्रिका होत्या, म्हणजे रानातल्या मातीच्या तपासणीचे सरकारी कागद. एक त्यांच्या नावाची, एक धाकट्या मामांच्या. वाटणारा पोरगा भाऊच आहेत म्हणून दोन्ही इथेच देऊन गेला होता, आणि दोन घरांत बोलणं नसल्यामुळे धाकट्यांची पत्रिका तशीच डब्यात पडून राहिली होती. मी वाचायला लागले. सामू, म्हणजे पीएच, ८.३. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, ०.५१. मग स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह. दुसरा कागद उघडला तर तिथेही ८.३, तिथेही ०.५१. बाराच्या बारा ओळी दशांशचिन्हासकट सारख्या. मामांचा अडकित्ता थांबला. “म्हंजे त्याची आन् माझी माती एकच?”

आतून मामी म्हणाल्या, “भाऊच हाईसा की तुम्ही.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

आजोबा गेल्यावर रानाचे दोन तुकडे झाले आणि मध्ये बांध पडला. माझ्या लहानपणी त्या बांधावरून वैरणीची गाडी जायची. आता एक पाऊल दुसऱ्यापुढे ठेवत तोल सांभाळून चालावं लागतं. दर नांगरटीला इकडच्यानं थोडा कोरला, तिकडच्यानं थोडा कोरला, आणि दोघांनीही दुसऱ्यानं जास्त कोरला असं पंचांना सांगितलं. पण मामांना त्या दिवशी लागलं ते याहून निराळं होतं. त्यांनी गेली कितीतरी वर्षं उसाचा पाला पेटवलेला नाही. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेल्या पिकात, पाचट सरीत दाबून कुजवायचं, लागणीआधी धैंचा पेरून गाडायचा, शेणखतासाठी गोठ्यात दोन म्हशी जास्तीच्या ठेवायच्या, ठिबकचे पाईप उंदरांपासून राखायचे. शेजारी धाकटे मामा. ते कारखान्यात पाळीवर नोकरीला. शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की मोटर चालू करायची, सरीत पाणी सोडायचं आणि बांधावर घोंगडं टाकून झोपायचं. सकाळी जाग येईपर्यंत रान तुडुंब. तोडीनंतर फडाला काडी लावली की एका संध्याकाळीत रान मोकळं. मी त्यांना आळशी म्हणणार नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने पाचट कुजवत बसावं असं सांगणं सोपं असतं. पण त्यांच्या खालच्या डागाला, म्हणजे रानाच्या खालच्या तुकड्याला, उन्हाळ्यात क्षारांची पांढरी साय धरते, ऊस गुडघ्याएवढा होऊन तिथेच थबकतो, हे सगळ्या गावाला दिसतं. आणि कागद म्हणत होता, दोघांची माती सारखी.

कारण मला माहीत होतं. या पत्रिकांची योजना २०१५ मध्ये आली तेव्हा साऱ्या देशाची जमीन तपासायची होती, आणि शेत न् शेत तपासणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून नकाशावर चौकोन आखले: जिरायती भागात दहा हेक्टरांचा एक, बागायतीत अडीच हेक्टरांचा एक. चौकोनात एका ठिकाणचा नमुना घ्यायचा आणि त्याचे आकडे चौकोनातल्या सगळ्या खातेदारांच्या पत्रिकेवर छापायचे. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे सव्वासहा एकर. पंजाबातल्या एखाद्या शेतकऱ्याचं ते एकच शेत असेल. आमच्याकडे सव्वासहा एकरांत चार-पाच घरं, दोन विहिरी, एक कोर्टकेस आणि किमान एक न बोलणारी भावांची जोडी सहज मावते. मी मामांना हे समजावून सांगितलं. यात कुणी लबाडी केलेली नाही, नियमच तसा आहे, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग नमुना कुणाच्या रानातला?” ते पत्रिकेवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

कोल्हापुरात केमिस्ट्रीची एम.एस्सी. झाल्यावर, कॉलेजात शिकवायला लागण्याआधी, मी काही काळ एका माती तपासणी प्रयोगशाळेत होते. त्या दिवसांचा वास अजून ओळखू येतो: वाळलेली माती, गरम काच आणि अमोनिया. सकाळी खिडकीपाशी पिशव्यांचा ढीग लागायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन आणलेल्या, साडीच्या दुकानाच्या कापडी पिशव्या, कुणी रुमालात बांधून आणलेली माती. युरियाच्या पोत्यात भरून आणलेली माती परत पाठवावी लागे, कारण त्या पोत्याच्या पांढऱ्या कणांनी नत्राचा (नायट्रोजनचा) आकडा आभाळाला टेकायचा. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी. तिच्यावर गट नंबर लिहा असं सांगितलेलं असलं तरी लोक रानाचं नाव लिहायचे: म्हसोबाचा तुकडा, वरची पट्टी, विहिरीचा डाग, आक्काचं रान, बुडीत. आम्ही त्यावर प्रयोगशाळेचा नंबर टाकायचो आणि चिठ्ठी फाईलला जायची. मी काही चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, पुढे घर बदलताना गेल्या.

माती सावलीत वाळवायची, लाकडी खलात कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. मग सुरू होतो आकडे काढण्याचा खेळ, आणि त्यात रंग फार. कर्ब काढताना एक ग्रॅम मातीवर नारिंगी डायक्रोमेट घालायचं, वरून तीव्र गंधकाम्ल. चंबू हातात धरवत नाही इतका तापतो. त्याच उष्णतेत मातीतला कर्ब जळतो. वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये बसवलेली ही रीत अजून साऱ्या जगात चालते. अर्ध्या तासाने पाणी ओतून ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे. जांभळट निळं द्रावण गढूळ होत जातं आणि एका थेंबाला लख्ख हिरवं होतं. तो एक थेंब पकडण्यात मान आखडायची. नत्राला उलट: मातीतून उडालेला अमोनिया गुलाबी बोरिक आम्लात शिरला की ते हिरवं होतं, आणि आम्ही आम्ल टाकत ते परत गुलाबीवर आणायचो. स्फुरद निळं दिसतं; जितकं गडद तितकं जास्त. पालाशला मात्र ज्वाला लागते. दिवसभर उभं राहून हे केलं की संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटल्यावर बुबुळांत हिरवा-गुलाबी नाचायचा.

तेव्हा मला एका आकड्याने पछाडलं होतं. एक हेक्टर रानाचा वरचा सहा इंचांचा थर वजनाला सुमारे २२.४ लाख किलो भरतो. त्यातून आमच्याकडे येते अर्धा किलो. त्या अर्ध्या किलोतून कर्बासाठी मी उचलते एक ग्रॅम. त्या एका ग्रॅममध्ये जे दिसतं त्यावरून २२.४ लाख किलोंचं बोलायचं. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण भात एका पातेल्यात, एका पाण्यात शिजलेला असतो. रान कुणी ढवळलेलं नसतं. जिथे उकिरडा होता तिथे एक माती, जिथे बैल बांधायचे तिथे दुसरी, आंब्याच्या सावलीत तिसरी, पाट फुटून साचतं तिथे चौथी. म्हणून नमुना घेण्याची ती सगळी पथ्यं: बांध सोडा, झाड सोडा, खताची जागा सोडा, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या, कडेची पातळ चकती खरवडा, सगळं एकत्र कालवा. मग गोल ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले परत कालवायचे, परत चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. मला हे काम ब्युरेटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण रानात चुकलेला नमुना प्रयोगशाळेत कितीही काटेकोर मोजला तरी चुकलेलाच राहतो. आणि नेमकं हेच काम सगळ्यांत कमी पगाराच्या, सगळ्यांत घाईतल्या माणसाकडे असतं.

सरासरीला माझा विरोध नाही. वाफ्यावाफ्याला वेगळं खत कुणी टाकू शकत नाही. कुठेतरी एक आकडा धरावाच लागतो. पण आकडा ज्या तुकड्याला लागू करायचा तो तुकडा एका माणसाने, एका रीतीने कसलेला असावा, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही. थोरल्या मामांची माती आणि धाकट्यांची माती मिसळून जी येते ती माती कुणीच कसत नाही. तिला खत घालायला जाणार कुठे?

आमचा जिल्हा तर या बाबतीत खट्याळच आहे. रंकाळ्याला वळसा घालून पश्चिमेला निघालं की कळे गावाच्या पुढे मातीचा रंग विटकरी होत जातो आणि गगनबावड्याला पोचेस्तोवर ती पूर्ण तांबडी. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पूर्वेला हातकणंगले, जयसिंगपूर ओलांडलं की पावसाचा आकडा पाचशे-सहाशेवर येतो. पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. शिरोळ म्हटलं की त्यांना हिरवागार ऊस आठवतो, नाहीतर २०१९ आणि २०२१ च्या पुरात नृसिंहवाडीच्या घरांवरून गेलेलं पाणी. पण आमच्याकडे पूर येतो तो दुसऱ्यांच्या पावसाचा. सह्याद्रीत पडलेलं पाणी नद्यांतून आमच्या दारात येतं; आमच्या स्वतःच्या आभाळातून तुटपुंजंच पडतं. मातीला हे बरोबर कळतं. पश्चिमेकडे पावसाने चुना, क्षार सगळं धुऊन नेलेलं, माती आम्लधर्मी, लोह भरपूर. इकडे धुऊन न्यायला पाऊसच नाही, म्हणून चुना जागच्या जागी, सामू आठाच्या वर, आणि उन्हाने कर्ब भराभर जळतो. प्रयोगशाळेत स्फुरद काढायला आम्हाला दोन वेगळी द्रावणं ठेवावी लागत. तांबड्या मातीला ब्रेचं आम्लधर्मी, काळ्या मातीला ऑल्सनचं खाण्याच्या सोड्याचं. एकाची पिशवी दुसऱ्याच्या द्रावणात गेली तर येणारा आकडा दिसायला अगदी व्यवस्थित, आणि निरर्थक.

लोकांना सांगायला सगळ्यांत अवघड गोष्ट ही, की आम्ही मातीत काय आहे ते मोजत नाही. पिकाला त्यातलं काय मिळू शकेल याचा अंदाज घेतो. दिवाळीच्या त्या दुपारी मी मामींच्या मोरीतलं अॅसिड आणून अंगणातल्या ढेकळावर दोन थेंब टाकले. फस्स करून फेस आला. नातवंडं ओरडली, माती उकळली म्हणून. तो चुना. त्याच चुन्यापायी आमच्या उसाला केवडा पडतो: कोवळी पानं पिवळी, मग पांढरट, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. आणि ही काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यात लोह ठासून भरलेलं आहे. आहे, पण चुनखडीने ते मुळांना मिळेनासं केलंय. म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं फेकून भागत नाही, शेणखतात मुरवून द्यावं लागतं. मामा हे ऐकून हसले. “घरात धान्याची कणगी हाय, पर किल्ली सासूच्या कमरंला.” मी माझ्या विद्यार्थ्यांना हे समजवायला फळाभर समीकरणं लिहिते.

मामांच्या तोंडून असलं काही ऐकलं की मला गुऱ्हाळ आठवतं. आजोबांचं गुऱ्हाळघर होतं. थंडीत चुलवाणाच्या उबेला बसून, चिपाडाच्या धुरात डोळे चोळत, काहिलीवरची साय कधी मिळते याची वाट बघायची. तिथे एक गुळव्या होता. भेंडीचा रस घालून मळी काढता काढता तो बोट बुडवून चाटायचा आणि म्हणायचा, “हा ऊस खालच्या डागातला.” कधी चुकला नाही. खारवट रानाचा गूळ जिभेवर मिठासारखा येतो, रवा धरत नाही, रंग काळपट उतरतो आणि पावसाळ्यात पाझरतो. युरिया जास्त झालेल्या उसाचंही तसंच. मळी सुटत नाही, गूळ मऊ राहतो. शाहूपुरीतला व्यापारी ढेप फोडून, हुंगून, चिमूट तोंडात टाकून भाव करायचा, तेव्हा तो खरं तर रानाचाच भाव करत असायचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही जीभ त्याआधीपासून हिशेब ठेवून होती.

म्हणून जुनं ते सगळं बरोबर, असं मला म्हणवत नाही. जीभ खारटपणा ओळखते. तिला जस्त कळत नाही. जस्ताची कमतरता मातीत किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली सुरू होते. एवढंसं काय कुणाच्या बोटाला, नाकाला, डोळ्याला कळणार? पानावर खुणा दिसेपर्यंत हंगामातलं बरंच काही हातचं गेलेलं असतं. आणि पालाशचं तर आमच्याकडे एक परंपरागत पालुपदच आहे: काळ्या रानाला पोटॅश लागत नाही. एके काळी ते खरं होतं, काळ्या मातीत पालाश उदंडच होता. पण ज्वारीच्या जागी ऊस आला, उसावर खोडवा, खोडव्यावर निडवा. ऊस पालाश ओढून नेण्यात कुणाला हार जात नाही. पाला पेटवला तर नत्र आणि गंधक धुरावाटे जातं, ऊस कारखान्यात गेला की पालाश त्याच्यासोबत तिथल्या मळीत (मोलॅसिसमध्ये) जातो. पण पालुपद बदलत नाही, कारण ते आजोबांकडून आलेलं असतं आणि आजोबांच्या वेळी ते बरोबर होतं. दुकानाची गोष्ट आणखी वेगळी. नत्र देणाऱ्या युरियाची ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, मुख्यतः स्फुरद देणाऱ्या डीएपीची ५० किलोंची १,३५० ला. दीड वर्षाच्या आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. या किमती आणि ही शिफारस शेजारी ठेवली की हात कुठल्या गोणीकडे जाणार हे सांगायला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नाही. युरिया टाकला की आठवड्यात रान काळंभोर दिसतं, शेजारी विचारतात काय घातलंस म्हणून. कर्ब वाढला तर कोण विचारतं?

ती पत्रिका माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मामांना म्हणाले, तुमचा ऊस तुटला की फोन करा, खोडव्याला खत पडायच्या आधी मी येते आणि आपण नीट नमुने काढू. योगायोगाने यंदा दोघांचा ऊस एकाच टोळीने तोडला. मी पोचले तेव्हा दोन्ही रानं मोकळी होती. एकीकडे पाचट पसरलेलं, दुसरीकडे जळलेल्या पाल्याची काळी राख वाऱ्याने सरीत जमलेली. आम्ही खड्डे घ्यायला लागलो तशी धाकट्या मामांची स्वारी बांधापलीकडे येऊन उभी राहिली. थोडा वेळ नुसतं बघितलं. मग माझ्याकडे बघून, “आमचं बी काढून देतीस काय?” मी म्हटलं, देते की. “मग त्यास्नी विचार, कुदळ देतील काय.” थोरल्या मामांनी कुदळ बांधावर ठेवली आणि पाठ फिरवली. दुपारपर्यंत मी दोन्ही बाजूंना निरोप पोचवत होते. लोखंडी घमेलं घेऊ नका, लोह-जस्त मोजायचंय, प्लास्टिकची बादली आणा. राख हाताने बाजूला सारा, मग खणा. थोरल्या मामांच्या रानात कुदळ भुसभुशीत जायची आणि गांडुळं निघायची. पलीकडे वरच्या अंगाला ठीक, खालच्या डागात मात्र माती साबणासारखी चिकटून फाळाला लोंबायची. खालच्या डागाचा नमुना मी वेगळा घेतला. आणि मामांना न आवडणारी गोष्ट केली: त्यांच्या रानाच्या बांधालगतच्या चार सऱ्यांचाही वेगळा घेतला, कारण तिथल्या उसाचे बुडखे बाकीच्या रानापेक्षा बारीक दिसत होते.

अहवाल आले. कर्ब थोरल्या मामांचा ०.७४, धाकट्यांचा ०.४३. मामांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला, दुसऱ्यांदा मामींना ऐकू जाईल अशा बेताने. पण स्फुरद धाकट्यांचं जास्त निघालं, चांगलंच जास्त. “ते कसं?” मामांचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं डीएपीच्या आणि १०:२६:२६ या मिश्रखताच्या गोण्या ओतल्यात, त्याचा साठा आहे तो, मी म्हटलं. त्यांना आता एवढं घालायचं कारण नाही. हेच धाकट्या मामांना फोनवर सांगितलं तर त्यांना हसू फुटलं. “म्हंजे आमचं पोतं वाचलं की!” जस्त दोघांकडे कमी, त्या बाबतीत ती पत्रिका बरोबर होती. पालाश दोघांकडे मध्यम, पालुपदाच्या हिशेबाने ते भरपूर असायला हवं होतं. खालच्या डागाचे क्षार अपेक्षेप्रमाणे खूप वर. आणि थोरल्या मामांच्या बांधालगतच्या चार सऱ्या: कर्ब चांगला, सगळं चांगलं, पण क्षार वाढायला लागलेले.

हे त्यांना फोनवर सांगायला मला जीभ रेटेना. मी परत गावी गेले. ज्या माणसाने ठिबक केलं, पाणी मोजून दिलं, त्याच्या रानात खार येतो कसा? बांधाखालून येतो. पलीकडे रात्रभर साचलेलं पाणी खाली मुरतं, काळ्या मातीला निचरा नाही, जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते, आणि पातळी एकाची वेगळी, दुसऱ्याची वेगळी अशी नसते. मग ऊन ते पाणी मुळांपर्यंत ओढून घेतं आणि पाणी उडून गेल्यावर मीठ मागे राहतं. पाऊस कमी, त्यामुळे ते धुऊन जायची सोय नाही. नत्र-स्फुरदाच्या बाबतीत बांध खरा होता, इंच न् इंच खरा. पाण्याच्या बाबतीत ती दोन्ही रानं एकच होती. मला त्या पत्रिकेचा आलेला राग थोडा हलला. तिने चौकोन आखला तो आंधळेपणानेच. पण एखादी गोष्ट त्या चौकोनाच्याच मापाची निघावी, याची मला अपेक्षा नव्हती.

उपाय आमच्या तालुक्याला नवा नाही. जमिनीखाली मीटर-सव्वा मीटर खोल, जाळी गुंडाळलेल्या छिद्रांच्या पाईप टाकायच्या, त्यातून खारं पाणी मोठ्या पाईपमध्ये आणि तिथून ओढ्याला. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी कितीतरी पडीक रानं परत उसाखाली आली आहेत, मामांनी ती जाऊन बघितलीही आहेत. खार सोसणारा फुले २६५ या वाणाचा ऊस लावून काही वर्षं ढकलता येतात, जिप्सम घालता येतं, पण पाण्याला वाट दिल्याशिवाय खरं नाही. अडचण एवढीच, की उतार थोरल्या मामांकडून धाकट्यांकडे आणि तिथून ओढ्याला. थोरल्यांची पाईप धाकट्यांच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला लागत नाही. आणि धाकट्यांनी एकट्यांनी पाईप टाकली तर ती वरच्या अंगाचंच पाणी ओढत बसणार. दोघांनी मिळून केलं तरच काही अर्थ.

मी हे दोन्ही घरांत वेगवेगळं जाऊन सांगितलं. धाकटे मामा बराच वेळ अहवालाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “न्या की पाईप, मी कुठं नको म्हणतोय. पर आदी सरकारी मोजणी आणायची. बांध कुठं हाय ते ठरू दे, मग पाईप.” थोरल्या मामांना निरोप दिला तर ते म्हणाले, “मोजणीचा अर्ज मी भरतो. फी त्यानं भरावी.” फी निम्मी-निम्मी करण्यावर सध्या गाडी आलेली आहे. परवा मामींचा फोन होता. दोघं देवळापुढच्या कट्ट्यावर एकमेकांशी बोलताना दिसले, म्हणाल्या. मी आनंदाने विचारलं, काय बोलत होते? “पाईप किती इंची घालायची त्यावनं भांडत हुते,” मामी म्हणाल्या. “तू आता मोजणीच्या दिवशी ये. पर त्या मातीच्या पिशव्या नगं आणूस बाई, अजून एखादा आकडा निघाला तर ह्यांच्या जिवाला घोर.”